भाऊसाहेबांचं एस्चीट

कचेरीत नोकरी केलेल्या माणसाला किस्से जुळवावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. लोक ते सांगून हसतात. मला मात्र एका इंग्रजी शब्दापायी घडलेले किस्से आठवले की आजही तळपायाची आग मस्तकाला जाते!

महाराजांच्या कारकिर्दीत मी कोल्हापूर दरबारच्या एका कचेरीत इंग्रजी कागदांचं मराठी करत होतो. एक दिवस गोऱ्या साहेबाची ऑर्डर आली, "एस्चीट जागा शोधून काढा." आमचे हेडकारकून भाऊसाहेब यांना शब्द कळला नाही. पण तसं कबूल करतील तर ते भाऊसाहेब कसले!

"फार जुना शब्द आहे," ते म्हणाले आणि पान लावायला बसले.

*

मी हायस्कुलातल्या मास्तरांकडे गेलो. त्यांनी जाडजूड डिक्शनरी काढली. शब्द मुळात जुन्या फ्रेंचमधला, अर्थ 'वाट्याला येऊन पडलेलं'. जुन्या इंग्लंडात कुणी वारस न ठेवता मेला की त्याची जमीन धन्याकडे परत जायची, ती एस्चीट. मास्तर पुढे म्हणाले, "वसुलीवरच्या अंमलदारांनी त्यात इतकी लबाडी केली, की फसवणुकीला 'चीट' म्हणतात तो शब्द ह्याच्याच पोटातून निघाला!"

मी धावत येऊन हे भाऊसाहेबांना सांगितलं.

"तुम्हाला शब्दाची कुळकथा कोणी विचारली? बेवारस ते सरकारजमा, एवढंच लिहा!"

शब्दाचा निम्मा इतिहास त्यांनी तिथंच गाडला. आणि तोच लबाडीचा निम्मा पुढं स्वतः करून दाखवला.

*

मग कचेरीत त्या शब्दाची साथच आली. एकाची छत्री कोपऱ्यात राहिली, दुसऱ्यानं उचलली. "एस्चीट!" मी हात धुवायला उठलो तर डब्यातली भाकरी गायब. "एस्चीट!" भुकेल्या माणसाला ह्यात हसू येत नाही, हे त्या टोणग्यांना कोण सांगणार!

*

टोणग्यावरून आठवलं. पंचगंगेच्या काठी एक म्हैस एकटीच चरत होती. भाऊसाहेबांनी शिपाई म्हादूला पाठवलं, "बेवारस आहे, घेऊन ये."

म्हादूनं दावं हाताला गुंडाळलं. संध्याकाळ झाली तशी म्हैस निघाली ती थेट आपल्या गोठ्याकडे. मागून म्हादू फरफटत! गोठ्याच्या दारात मालक उभा होता.

"या पावणं," तो म्हणाला, "म्हशीला घरी सोडाय आलासा व्हय?"

भाऊसाहेबांनी साहेबाला कळवलं, "तपासाअंती वारस मिळाला."

*

हे सगळं एकवेळ सोसलं. पण कोंडाबाई कुंभारणीचं घर मी विसरणार नाही.

शाहूपुरीची पेठ तेव्हा नवी वसत होती. तिला लागूनच ह्या बाईचं घर आणि पुढं अंगण. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. भाऊसाहेबांच्या मेव्हण्याला ती जागा सरकारजमा झाल्यावर स्वस्तात घेऊन तिथं वखार घालायची होती!

"मुलगा नाही ना? मग घर बेवारस," भाऊसाहेब म्हणाले.

"न्हवरा मेला म्हंजे मी बी मेले व्हय?" बाई कडाडली.

मी म्हणालो, "अहो, बायको जिवंत असताना बेवारस कसं?" तर मलाच दम मिळाला, "नोकरी नकोशी झाली का?"

भर उन्हात आम्ही पंचनाम्याला गेलो. मी, म्हादू आणि भाऊसाहेब. चालून चालून भाऊसाहेबांचा जीव कासावीस झाला होता. ते तिच्याच ओट्यावर टेकले आणि पाणी मागितलं. बाईनं आत जाऊन गुळाचा खडा आणि तांब्या आणला. गूळ तोंडात टाकून, गटागटा पाणी पिऊन ते मला सांगू लागले, "लिहा. सदर घरात कोणीही इसम राहत असल्याचे आढळून आले नाही."

मी संतापानं टाक दौतीत आपटला, पण लिहिलं.

आता साक्षीदार हवा. म्हादू गल्लीभर फिरला. एकानंही दार उघडलं नाही. भाऊसाहेब घायकुतीला आले आणि कोंडाबाईकडेच वळले, "बाई, तुम्ही लावा अंगठा."

"आदी वाचून दावा की."

मी मुद्दाम गल्लीला ऐकू जाईल असं वाचलं. एकेक दार किलकिलं झालं. बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि भाऊसाहेबांच्या हातातला तांब्या काढून घेतला.

"घरात कोन न्हाय, तर गूळपानी कुनाच्या हातचं घेतलासा? त्ये बी लिवा त्यात. मग लावते की आंगठा!"