शेजारच्या सीटवरचा पाय

बाई लोकांना गाडी चालवायला शिकवत. शिकणाऱ्याच्या शेजारी, त्यांच्या पायाशी, आणखी एक ब्रेक होता. नवशिक्याची चूक त्याच्या आधी त्यांच्या पायाला कळे. म्हणून सगळे त्यांना ‘ब्रेकबाई’ म्हणत. मधुमेहासाठी इन्सुलिन सुरू झाले तेव्हा नवरा म्हणाला होता, ‘‘आता हा उद्योग पुरे.’’ बाईंनी ऐकून घेतले आणि स्वतःला शिस्त लावली. स्टिअरिंग हाती घेण्यापूर्वी बोट टोचून साखर पाहायची. कमी असली तर किल्ली पर्समध्येच राहील. या नियमाला त्यांनी कधी फाटा दिला नाही. परंतु नियमातच एक भोक होते. शिकवताना स्टिअरिंग दुसऱ्याच्या हाती असे, म्हणून तेव्हा त्या तपासत नसत. मी कुठे चालवते, मी तर नुसती बसते, अशी त्यांची समजूत होती.

त्या दिवशी सकाळचे तास लांबत गेले आणि डबा मागच्या सीटवर न उघडता राहिला. दुपारी त्यांची नणंद शिकायला बसली.

‘‘वन्सं, क्लच सोडा. सोडा म्हणते ना. हातचं काही सोडायची सवयच नाही तुम्हाला.’’

‘‘माहेरचा वाटा सोडला की, वहिनी. तो पुरे नाही का?’’

एरवी बाई हसल्या असत्या. आज मात्र त्यांना भयंकर राग आला, आणि तो कशाचा हे त्यांना उमगेना. गोदामाच्या फाटकातून एक टेम्पो रिव्हर्स घेत रस्त्यावर येत होता. तो त्यांना स्पष्ट दिसला. पाय मात्र परक्या कुणाचा असावा तसा पडून राहिला. नणंदेनेच घाबरून ब्रेक दाबला, टेम्पो गेल्यावर गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केले.

‘‘कोणी थांबवायला सांगितलं? चला पुढे.’’

‘‘घामानं भिजलायत तुम्ही.’’

‘‘ऊन आहे.’’

‘‘काचा बंद आहेत, एसी चालू होता.’’

‘‘शिकवणारी कोण, तुम्ही की मी?’’

‘‘आत्ता मी.’’ नणंदेने किल्ली काढून मुठीत धरली आणि समोरच्या कप्प्यातले ज्यूसचे खोके त्यांच्या हाती दिले. ‘‘प्या. भांडण मागाहून करू. किल्ली माझ्याकडे आहे, मी कुठे पळतेय.’’

बाई प्यायल्या. थोड्या वेळाने बोट टोचून पाहिले, तेव्हा साखर वर येऊ लागली होती. पण डोके पुरते ताळ्यावर येईपर्यंत गाडी हलवायची नाही, हे डॉक्टरांचे बजावणे त्यांना पाठ होते. डबा उघडून त्या शांतपणे जेवू लागल्या, आणि मग झाल्या गोष्टीचा अर्थ त्यांच्यापुढे उभा राहिला. साखर उतरली की हातापायांआधी विवेक ढळतो, आणि विवेक ढळलेल्या माणसाला स्वतःविषयी तिळमात्र शंका उरत नाही. अशा माणसावर दुसऱ्याचा जीव सोपवायचा, तर अट डोके ठिकाणावर असतानाच घालून ठेवायला हवी. ती अट एकटीने पाळून भागणार नव्हते. शेजारी बसणाऱ्यालाही ती ठाऊक हवी.

पुढच्या तासाचा विद्यार्थी, एक कारकून, चौकात वाट पाहत होता. बाईंनी फोन उचलला.

‘‘पंक्चर झालं म्हणा,’’ नणंद म्हणाली. ‘‘खरं सांगितलंत तर उद्यापासून तुमच्या गाडीत काळं कुत्रं बसणार नाही.’’

बाईंनी नंबर लावला. ‘‘आजचा तास होणार नाही. मला मधुमेह आहे. मघाशी साखर उतरली आणि माझा पाय ब्रेकपर्यंत पोचला नाही. यापुढे दर तासाआधी तुमच्यासमोर तपासीन. कमी असली तर गाडी निघणार नाही. वाटेत मी विचित्र वागले, तर मला न विचारता गाडी कडेला घ्यायची आणि किल्ली काढायची. मान्य असेल तर या.’’

कारकून म्हणाला, ‘‘विचार करून सांगतो.’’

‘‘जरूर करा.’’

‘‘गेला हातचा,’’ नणंद म्हणाली.

‘‘जाऊ दे. अंधारात ठेवून कुणाला शेजारी बसवायचं नाही मला.’’ बाईंनी तोंड पुसले आणि त्यानंतरच्या विद्यार्थ्याला फोन लावला.