टेबलाखालची रिकामी जागा

छापखान्यातला जुना कॉम्प्युटर भंगारात गेला. पण त्यातलं अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर नव्यावर चालेना. शेवटी दुरुस्तीवाल्याने नव्याच्या पडद्यावर एक चौकट उघडून दिली. त्या चौकटीत जुना कॉम्प्युटर होता तसाच सुरू होतो. तोच हिरवट-निळा रंग, तेच वाळूचं घड्याळ.

आज दुपारी लग्नपत्रिका जुळवताना ते सॉफ्टवेअर अडकलं. शेजारच्या टेबलावरच्या शिंदेबाईंनी टेबलाखाली हात घालून थाप मारली, जुन्या कॉम्प्युटरच्या डब्याला मारायच्या तशी. हात हवेतच फिरला.

"बाई, डबा गेला की. नव्याचं सगळं पडद्यातच आहे," मी म्हणालो.

"मला माहितीये हो. पण त्याला कुठं माहितीये?"

खरंच. आपल्याभोवतीचं सगळं बदललंय, हे त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलेलंच नाही. ते आपलं जुन्याच चालीने राबतंय. आम्हाला मात्र रोज कोणी ना कोणी सांगतं. ऐकून ऐकूनच माणूस दमतो.

संध्याकाळी मी चौकटीतला तो कॉम्प्युटर बंद केला. काळ्या पडद्यावर नेहमीची इंग्रजी ओळ आली : आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही.

आणि मी गुडघ्यावर हात ठेवून, बटण दाबायला टेबलाखाली वाकलो.