ओबेरॉनसाठी तीन हिवाळे

आमच्या दुर्बीणवाल्या टोळीनं तीन हिवाळ्यांत धड फोटो काढला एकच. किस्से मात्र पोतंभर साठले!

टोळी म्हणजे येडशीचे रिटायर्ड विज्ञान मास्तर गुरव सर, वेल्डर दस्तगीर आणि झेरॉक्सचं दुकान सांभाळून कॅमेरा सांभाळणारा मी. सरांचा ध्यास एकच, युरेनसचा चंद्र ओबेरॉन. आयुष्यभर फळ्यावर काढला, "एकदा स्वतः बघणार" असं पोरांना सांगत राहिले. आता डोळ्यांचा पडदा दर वर्षी अंधुक होत चाललेला, म्हणून घाई.

सरांच्या मिसेस, आमच्या काकू, म्हणायच्या, "आपल्या अंगणात एवढा मोठा चंद्र फुकट येतोय, अन् तुम्हाला लोकाचा कशाला पाहिजे?"

*

फोटो हलतो म्हणून सर दस्तगीरला म्हणाले, "स्टँड पक्का कर." पठ्ठ्यानं सगळे सांधे वेल्डिंग मारून आणले!

"सर, आता भूकंप झाला तरी हलणार न्हाय!"

"अरे, आभाळ फिरतं! त्याच्या मागं दुर्बीण फिरवू कशी?"

"मग ते आधी सांगायचं न्हाय का, आभाळ फिरतंय म्हणून!"

*

बेंबळीच्या शिवारात शेजारच्या विहिरीतल्या पाण्याच्या मोटारीवरचा हॅलोजन थेट आमच्या फोटोत यायचा. एकदा ऐन वेळी लाईट गेली. सर हात वर करून ओरडले, "देव पावला!"

मागून बॅटरी चमकली. मोटार बंद पडून ज्यांचा अर्धाच ऊस भिजला होता, ते शेजारचे पाटील उभे होते.

"मास्तर हाय म्हणून सोडतो तुमाला!"

सरांनी सकाळी घरी जाऊन माफी मागितली. पाटलांनी हॅलोजनचं तोंड विहिरीकडं फिरवलं.

*

यंदा सरांच्या ओट्यावर लॅपटॉप उघडला. आजच्या फोटोत युरेनसचा फुगलेला पांढरा गोळा, अन् भोवती ठिपकेच ठिपके. चंद्र कुठला, चांदणी कुठली, काही कळेना! काकू चहा घेऊन आल्या. वाफेनं धुरकटलेला सरांचा चष्मा पुसायला घेतला आणि म्हणाल्या, "कालचा फोटो बी दाखवा."

रोज ज्वारी निवडणारी नजर ती!

"ह्यो जागचा हलला न्हाय, ह्यो कॅमेऱ्याचा डाग. ह्यो लांब गेला, ती चांदणी. अन् ह्यो बघा, गोळ्याला धरूनच फिरलाय."

मी आकाशाच्या नकाशाशी ताडून बघितलं. ओबेरॉनच!

"कुठंय? कुठंय?" सर स्क्रीनला नाक लावून विचारायला लागले.

काकूंनी त्यांचं बोट धरून ठिपक्यावर टेकवलं. "इथं. दिसला?"

सरांचे डोळे भरून आले. "दिसला गं! लई देखणा हाय!"

"हाय की," काकू म्हणाल्या, आणि हातातला चष्मा हळूच पदराआड धरला.