कोंडाबाईचा कोळसा, माझी मोटार

मुरुडची कोंडाबाई बाभळीचा कोळसा पाडायची आणि सोनारांना विकायची. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत निजाम सरकारचा हुकूम आला: पेट्रोल वाचवा, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालवा. मी मुरुड-लातूर मोटार हाकत होतो. पाठीमागे कोळसा जाळून गॅस करणाऱ्या भट्टीचं पिंप बसवून घेतलं आणि कोळसा कोंडाबाईकडूनच घेऊ लागलो.

तिला काही चैन पडेना. रोज पिंपाभोवती फिरायची.

"पेंड खाऊन बैल वढतो, ते कळतंय. पर धूर पिऊन हे चालतंय कसं?"

"आत जाळ होतो, त्याच्या जोरावर," मी म्हणायचो.

"जाळ तर माझ्या चुलीत बी हाय. मग भगुलं का पळत न्हाई?"

मला तरी कुठं ठाऊक होतं!

शेवटी एक दिवस ती तिकीट काढून लातूरला निघाली. सारी वाट मान वळवून पिंपाकडंच बघत होती. चढ आला तशी मोटार धापा टाकत थांबली. रोजच्यासारखे सगळे उतरून ढकलू लागले. कोंडाबाईनंही पदर खोचला.

वर पोचल्यावर घाम पुसत ती माझ्यासमोर आली.

"कळलं बाबा, कशावर चालती. कोळसा माझा, रेटा बी माझाच. मग तिकिटाचं पैसं कशाचं घेतलंस?"