हनवटीवरचे तीन ठिपके

माझे वडील उलव्याच्या बाजूला, खाडीकाठच्या एका गावात मास्तर होते. सुट्टीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवून ते गावभर हिंडायचे. ते गेल्यावर त्यांच्या निगेटिव्ह बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सापडल्या. पनवेलच्या दमट हवेनं काहींना बुरशी लागली होती, काही गुंडाळी होऊन बसल्या होत्या. फोटोतलं ते गाव आता विमानतळासाठी उठलंय.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी फ्लॅटबेड स्कॅनर घेतला, निगेटिव्हसाठी झाकणातही दिवा असलेला. वर्षभर तेच केलं. निगेटिव्ह आठवडाभर जाड शब्दकोशाखाली दाबून सरळ करायची, रबरी फुंकणीनं धूळ उडवायची, कडेला धरून चौकटीत बसवायची. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये धूळ आपोआप काढायची सोय असते. कृष्णधवल फिल्मवर मी ती एकदाच वापरली. धूळ कुठली आणि माणसाच्या पापण्या कुठल्या, हे तिला कळत नाही. म्हणून एकेक कण मी हातानं काढला. एका फोटोला कधी कधी अख्खी दुपार जायची.

बाजारात मी ज्यांच्याकडून मासे घेते त्या मावशी त्याच गावच्या. एकदा बोंबील निवडताना मी त्यांना डब्याबद्दल सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"माज्या आयचा एक बी फोटू नाय," त्या म्हणाल्या. "हनवटीवर तीन ठिपके गोंदलेले. पुढचा दात अर्धा. बघशील का?"

मी घरी जाऊन पाहिलं. होती. खाडीच्या काठी जाळं पसरून बसलेली, डोळे बारीक करून हसणारी. अर्धा दात, तीन ठिपके.

त्याच सुमारास आमच्याकडच्या एका सांस्कृतिक मंडळानं जुन्या फोटोंचं प्रदर्शन ठरवलं. मी चाळीस फोटो पेनड्राइव्हवर दिले आणि अध्यक्षांना बजावलं, "छापा, पण आहे तसे. काही बदलू नका." त्यांनी मान डोलावली. मावशींना मी मुद्दाम सांगितलं नव्हतं की आई सापडली. भिंतीवर मोठी, फ्रेममध्ये दाखवावी असं मनात होतं. फक्त म्हटलं, "उद्घाटनाला या."

त्या ठेवणीतलं लुगडं नेसून, डोक्यात अबोली माळून आल्या. मला उशीर झाला. मी पोचले तेव्हा त्या शेवटच्या फोटोपाशी उभ्या होत्या.

"दोन वेळा फिरले," त्या म्हणाल्या. "आय हाय का यात?"

मी त्यांना हाताला धरून मागं नेलं आणि जागीच थांबले. जाळं तेच होतं, खाडी तीच होती. पण फोटो रंगवलेला. लुगडं जांभळं, कातडी गोरीपान, दात सगळे पांढरेशुभ्र आणि सरळ. हनवटी गुळगुळीत. खाली पाटी, 'कोळी सौंदर्य'.

मावशींना वाचता येत नाही. त्यांनी फोटोकडे पुन्हा पाहिलं. "ही कोन?"

अध्यक्ष हार घेऊन पाहुण्यांची वाट बघत दारात उभे होते. मी त्यांना आत ओढूनच आणलं.

"हे काय केलंत?"

"अहो, एआयनं एन्हान्स केलेत सगळे. मस्त आलेत ना? डाग होते, ते क्लीन केले."

"ते डाग नव्हते. गोंदण होतं. यांच्या आईचं."

त्यांनी मावशींकडे क्षणभर पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मॅडम, ओरिजिनल कोण बघतं आता? पाहुणे येतायत. नंतर बोलू."

नंतर! मी खुर्चीवर चढले आणि तो फोटो ओढून काढला. मागच्या चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही निघाला. "मंडळाची मालमत्ता आहे ती!" कुणीतरी ओरडलं. मंडळाची? माझ्या बापानं काढलेला फोटो, मावशींची आई, आणि मालमत्ता मंडळाची?

दुसऱ्या दिवशी मावशी घरी आल्या. मी तीच निगेटिव्ह त्यांच्यासमोर स्कॅनरवर ठेवली. पडद्यावर आधी उलटी प्रतिमा आली. "केस पांढरे न् तोंड कालं," त्या घाबरून म्हणाल्या. मग चित्र पालटलं. पदरानं बोट पुसून त्यांनी पडद्यावरच्या हनवटीला लावलं.

"हां. ही." आणि मग रागानं, "तिच्यात काय खराब दिसलं गं त्यांना?"

मी त्यांना साधी कृष्णधवल प्रत काढून दिली.

मंडळाच्या ग्रुपवर मला आडमुठी ठरवलं गेलं. माफी कुणी मागितली नाही. बाकीचे एकोणचाळीस फोटो आठवडाभर तसेच भिंतीवर होते, आणि लोक त्यांच्यासमोर उभे राहून सेल्फी काढत होते. त्या फोटोंतली माणसंही कुणाची ना कुणाची आई, कुणाचा बाप. त्यांच्या घरची माणसं आली असतील आणि ओळख न पटता परत गेली असतील, या विचारानं माझा संताप अजून शमत नाही.

आता दर सोमवारी मावशी बाजारातून सुट्टी काढतात. मूळ प्रती पिशवीत घालून आम्ही दोघी उठलेल्या गावची माणसं जिथं जिथं पांगली तिथं जातो. आतापर्यंत अकरा चेहरे ओळखले गेलेत.