निष्क्रिय खाते आणि धाकटा दीर

निवृत्तीनंतर बऱ्याच गुन्ह्यांचे तपशील पुसट झाले. हे प्रकरण मात्र अजून डोक्यातून गेलेले नाही.

मी राजाजीनगर भागात नेमणुकीस असताना एक विधवा बाई तक्रार घेऊन आल्या. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहिलेले मराठी घर. नवरा वारून चार वर्षे झाली होती. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांनी त्याच्या जुन्या खात्याची चौकशी केली, तर खाते रिकामे. दोन वर्षे व्यवहार नसला की बँक खाते निष्क्रिय करते. ते पुन्हा चालू करायला खातेदाराला नव्याने ओळखपत्रे द्यावी लागतात. नोंदीप्रमाणे खातेदार गेल्या वर्षी स्वतः हजर राहून साडेसात लाख घेऊन गेला होता.

"मेलेला माणूस कसा येईल, साहेब? आमचे भाऊजीच ते. तोंडवळा अगदी यांच्यासारखा."

दीर के. आर. पुरमला राहायचा, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लेथवर काम करायचा. बँकेतल्या अधिकाऱ्याने जबाब दिला, "चेहरा फोटोशी जुळला. गिऱ्हाइकांतलं कोण जिवंत, कोण मेलं, मला काय ठाऊक?" कॅमेऱ्याचे चित्रण मुदत संपून पुसले गेले होते. शिपाई दिराला कारखान्यातून घेऊन आले. पुढे दोन दिवस तो सकाळी यायचा, संध्याकाळी जायचा. काहीही विचारले तरी "मी नाही" एवढेच उत्तर.

शेवटी हवालदाराने डिवचले, "वहिनीचे पैसे गोड लागले का रे?"

"गोड मी वाढलं हो. खाल्लं त्या बँकवाल्यानं."

"म्हणजे?"

"अण्णाच्या वैकुंठ समाराधनेला तो जेवायला होता. स्वल्प तूप जास्त घाल म्हणाला होळिग्यावर."

वैकुंठ समाराधना म्हणजे आमच्याकडचे तेराव्याचे जेवण, आणि होळिगे म्हणजे पुरणपोळी. मी अधिकाऱ्याला समोर बसवून विचारले, "ज्याच्या तेराव्याला जेवलात, तो सही करायला कसा आला?" मग खातेदार म्हणून उभ्या केलेल्या माणसाचे नाव त्याने सांगितले.

बँकेने रक्कम व्याजासह भरून दिली. बाई ठाण्यात दिराला म्हणाल्या, "चुकलं माझं, भाऊजी. घरी चला."

"सरी, असू दे, वहिनी. ऑपरेशन नीट करून घ्या," म्हणून तो एकटाच निघून गेला.

अशा प्रकरणांत पहिला संशय घरच्यांवर जातो. पण घरच्यांना फार तर खाते आहे एवढेच माहीत असते. त्यात किती पडून आहे आणि विचारायला कोणी येत नाही, हे बँकेत बसलेल्यालाच दिसते. हे मी त्यानंतर विसरलो नाही.

दिराचा यात काही हात नाही, हे सांगायला मी स्वतः कारखान्यात गेलो. मालकाने चहा मागवला, सगळे ऐकून घेतले.

"तुम्ही म्हणता ते खरंच असेल, साहेब. पण त्याच्या लेथवर मी दुसरा माणूस घेतलाय."