जेवायची वेळ सोडून

ठोक्या हे नाव त्याला गॅरेजनं दिलं. गाड्यांचे चेपलेले पत्रे सरळ करायचं त्याचं काम. आतून लोखंडी ठोकळा लावायचा, बाहेरून हातोडी चालवायची, आणि कुणाच्या तरी धडकेनं क्षणात चेपलेलं दार दिवसभर ठोकून पुन्हा होतं तसं करायचं. हात असा बसलेला की पत्रा मुकाट्यानं वळायचा. माणसांवरही तो हात तसाच बसायचा. एका गिऱ्हाइकानं रंगात फरक आहे म्हणून त्याला आईवरून शिवी दिली, तेव्हा ठोक्यानं त्याचं डोकं त्याच्याच गाडीच्या दारावर आपटलं, आणि मग ते दारही त्यालाच फुकटात सरळ करून द्यावं लागलं. गॅरेजमधले लोक हा किस्सा हसून सांगत. ठोक्या हसत नसे. त्या माणसाच्या कानातून आलेलं रक्त त्याला आठवायचं, आणि ते बघून आपल्याला बरं वाटलं होतं, हेही.

त्याचा बाप मालट्रकवर होता. दोन खेपांच्या मध्ये तो घरी आला की जेवणाची वेळ झाल्याचं ठोक्याच्या पोटापेक्षा छातीला आधी कळायचं. लोक ताटाशेजारी पाण्याचा तांब्या ठेवतात, तसा तो कमरेचा पट्टा काढून ठेवायचा. ताटात काही उरलं की पट्टा. घास तोंडात घोळवला की पट्टा. एकदा पोरानं बीट ओकलं, तर बापानं ते ओकलेलंच चमच्यानं गोळा करून त्याला परत खायला लावलं. "गिळ. गिळ म्हणतो ना." पोराचं तोंड मिटलेलंच राहिलं तेव्हा त्यानं पळी मारली. पुढचा दात तुटला, आणि दाताचा तुकडा घासाबरोबर पोटात गेला. या सगळ्या वेळात आई मोरीतला नळ पूर्ण सोडून भांडी घासत बसायची. शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये म्हणून. पुढे ती वारली, पण नळ जोरात वाहू लागला की ठोक्याच्या मानेचे स्नायू ताठ व्हायचे ते काही गेलं नाही.

असा हा माणूस बाप झाला. पोरगी जन्मली तीच इवलीशी, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणू लागले. ठोक्याची बायको एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरात होती. रक्तानं भरलेल्या, ओल्या, जड चादरी उचलून उचलून तिचे दंड चांगलेच भरले होते. बाळंतपणाची रजा संपली आणि तिला दुपारची पाळी लागली. ठोक्या सकाळी लवकर जाऊन दुपारीच परत यायचा. म्हणजे संध्याकाळी मुंगीला भरवणं त्याच्याकडे आलं.

मुंगी मान धरून बसायला लागली होती. दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं होतं की आता दुधाच्या जोडीला कुस्करलेला बटाटा, केळं, शिजवलेला भोपळा द्या. थुंकेल, पण तो हट्ट नसतो. त्या जिभेला अजून फक्त ओढून प्यायचं माहीत आहे, मागे ढकलायचं ती हळूहळू शिकेल. ठोक्यानं बायकोला हे दोनदा सांगायला लावलं. तिला वाटलं, त्याला नीट समजलं नाही. त्याला समजलं होतं. त्याला ते पाठ करायचं होतं.

पहिल्याच आठवड्यात मुंगीनं भोपळ्याचा अख्खा घास फुर्रकन त्याच्या तोंडावर उडवला आणि खुदकन हसली. तोही हसला. मग त्यानं हातातल्या चमच्याकडे पाहिलं, तर चमचा मधोमध वाकला होता. कधी वाकवला ते त्याला कळलंच नव्हतं. अंगठ्यानं दाबून त्यानं तो सरळ केला, आणि मनाशी म्हणाला, हट्ट नाही, हट्ट नाही, जीभ शिकतेय.

अशातच ठोक्याचा म्हातारा बाप राहायला आला. ट्रकवरून उतरताना पडून त्याचा गुडघा गेला होता. थोडे दिवस तो आपल्या बहिणीकडे, म्हणजे ठोक्याच्या आत्याकडे होता, पण तिचं घर लहान. बायकोच्या मनात त्याला ठेवायचं नव्हतं. तिनं नवऱ्याच्या तोंडून थोडंफार ऐकलं होतं. ठोक्या म्हणाला, आता काठी घेऊन चालतो तो, करून करून काय करणार.

म्हातारा खुर्चीत बसून भरवणं बघायचा. वाटीभर बटाट्यासाठी तासभर चाललेलं ते लाडीगोडीचं काम त्याला बघवायचं नाही. पोरीला डोक्यावर बसवून ठेवली आहे, तुला असं भरवत बसलो असतो तर तू उपाशी मेला असतास, असं तो म्हणायचा. ठोक्या ऐकून घ्यायचा आणि वाटी उचलून दुसऱ्या खोलीत जायचा.

एके दिवशी गॅरेजमध्ये पुढून धडकलेली बस आली. ती संध्याकाळपर्यंत रस्त्यावर हवी होती, त्यामुळे ठोक्या अडकला. बायको पाळीला जाताना मुंगीला झोपवून, सासऱ्याला लक्ष ठेवायला सांगून गेली होती. हे आत्ता येतीलच, असं तिला वाटलं.

तो आला तेव्हा अंधार पडून बराच वेळ झाला होता, बायकोची पाळी सुटायची वेळ. जिन्यातच त्याला आवाज ऐकू आला. तो रडण्याचा नव्हता. पाण्यात बुडालेली बाटली भरताना होतो तसा, गुडगुड. त्यानं दार ढकललं. म्हाताऱ्यानं मुंगीला दोन मांड्यांमध्ये घट्ट अडकवलं होतं. तिचे हात आत दाबलेले. एका हातानं तिचं नाक चिमटीत धरलं होतं, आणि श्वासासाठी तोंड उघडलं की दुसऱ्या हातानं चमचा आत घशापर्यंत. तिचा चेहरा निळसर पडला होता. हनुवटीवरून ओघळणाऱ्या बटाट्यात लाल धागे होते. नुकता दात येऊ लागला होता तिथली हिरडी चमच्याच्या कडेनं फाटली होती.

"बघ," म्हातारा म्हणाला. "अर्धी वाटी संपवली. येतं की खायला."

ठोक्यानं मुंगीला आधी उचललं. पालथी धरून तिच्या तोंडातला लगदा बोटानं काढला. ती किंचाळली तेव्हा त्याचाही श्वास सुटला. तिला आतल्या गादीवर ठेवून त्यानं चारी बाजूंनी उशा लावल्या. एवढं भान त्याला होतं. त्यानंतर नव्हतं.

पहिला ठोसा म्हाताऱ्याच्या डोळ्याखाली बसला आणि खुर्चीसकट तो मागे गेला. पण त्याच्याही अंगात जोर होता. पडल्या पडल्या त्यानं काठी फिरवली. ती ठोक्याच्या कानावर बसली आणि कान फुटला. दोघांच्या लाथांनी भांड्यांची मांडणी खाली आली. ठोक्या बापाच्या छातीवर बसला आणि मारत राहिला. ठोकळा नाही, हातोडी नाही, नुसता हात. जबडा मोडला तेव्हा पत्रा फाटल्यासारखा आवाज झाला. तो ओळखीचा आवाज ऐकूनही तो थांबला नाही. जमिनीवर सांडलेला बटाटा त्यानं मुठीत घेतला, बापाचं नाक चिमटीत धरलं, आणि तोंड उघडल्यावर तो लगदा आत कोंबला.

"गिळ," तो म्हणाला. "गिळ म्हणतो ना."

बायको कामावरून आली ती हे बघत दारात उभी राहिली. तिनं दोनदा हाक मारली. हाक त्याच्यापर्यंत पोचली नाही. म्हाताऱ्याच्या टाचा जमिनीवर आपटत होत्या, आणि मग त्या आपटायच्या कमी झाल्या. तिनं पडलेल्या भांड्यांतून लोखंडी तवा उचलला आणि नवऱ्याच्या पाठीत घातला. तो हललासुद्धा नाही. पुढच्या मुठीसाठी त्यानं उजवा हात जमिनीवर टेकला, तेव्हा तिनं तव्याची कड त्याच्या बोटांवर आणली. रोज ओल्या चादरी उचलणाऱ्या दोन्ही हातांनी, होता नव्हता तेवढा जोर लावून.

ठोक्या कोसळला. म्हातारा कुशीवर वळला आणि खोकता खोकता त्याच्या तोंडातून बटाटा, रक्त आणि दोन दात बाहेर आले. मग श्वास आला.

तिनं आतून मुंगीला आणून खांद्यावर घेतलं. तवा हातातच होता. "दोघांनीही जागचं हलायचं नाही," ती म्हणाली, आणि रुग्णवाहिकेला फोन केला.

ती जिथं काम करायची त्याच रुग्णालयात सगळे गेले. मुंगीची हिरडी आपोआप भरेल असं डॉक्टर म्हणाले. ठोक्याच्या हाताची तीन हाडं मोडली होती. म्हाताऱ्याचा जबडा तारेनं बांधून टाकला. हवालदार विचारायला आला तेव्हा म्हाताऱ्यानं बोटानं हवेत पायऱ्या काढून दाखवल्या. जिन्यावरून पडलो. ठोक्या खाली बघत राहिला.

"जिन्यावरून पडले नाहीत ते," बायको म्हणाली. आणि तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. सासऱ्यानं काय केलं, नवऱ्यानं काय केलं, आणि नवऱ्याचा हात आपण मोडला, हेही. हवालदारानं लिहून घेतलं. म्हातारा काही केल्या सही करेना, तेव्हा सगळ्यांना दम देऊन हवालदार गेला. पुन्हा असं काही कानावर आलं तर कुणी सही करायची वाट बघणार नाही, म्हणाला.

बाहेर बाकावर बसल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या आईनं नळ सोडून ठेवला. मी सोडणार नाही."

म्हातारा परत आत्याकडे गेला, नळीनं पातळ काहीबाही पीत. ठोक्यानं घाबरत विचारलं की तू माहेरी जाणार का. ती म्हणाली, घर माझंही आहे, जायचं तर तुम्ही जाल. म्हणून काही दिवस तो गॅरेजमध्येच, एका रिकाम्या गाडीच्या मागच्या सीटवर झोपला. तिनं बोलावल्यावर आला.

खरी शिक्षा घरी होती. मुंगी आता चमचा दिसला की तोंड घट्ट मिटून किंचाळायची. वाटीचा आवाज आला तरी अंग ताठ करायची. नर्स म्हणाली, चमचा बंदच करा. फरशीवर स्वच्छ कापड पसरा, मऊ तुकडे ठेवा आणि लांब बसा. खाल्लं तर खाल्लं. एका वेळेला उपाशी राहिलं म्हणून मूल मरत नाही, पण भीती घशात बसली की वर्षानुवर्षं निघत नाही. ठोक्याला हे कुणी सांगायची गरज नव्हती.

मुंगी तुकडे उचलायची आणि भिरकावायची. रोज. गाजर भिंतीवर, केळं त्याच्या प्लास्टरवर. ठोक्याला काम नव्हतं. दिवस घरात जायचा आणि तो आतल्या आत तापत राहायचा. एका संध्याकाळी तिनं पाण्याचा पेला सरळ त्याच्या फुटलेल्या कानावर फेकला. डोक्यात कळ गेली. पुढच्या क्षणी त्याला आपला हात दिसला. पांढरा, दगडासारखा, तिच्या डोक्याच्या वर उचललेला. ती मान वर करून त्या हाताकडेच बघत होती.

तो उठला आणि दार उघडून बाहेर गेला. जिन्याच्या भिंतीवर त्यानं तो हात आपटला. प्लास्टर फुटलं तरी आपटत राहिला, भिंतीवर रक्त लागलं, आणि वेदनेनं तो तिथंच ओकला. आवाज ऐकून शेजारच्या काकू बाहेर आल्या.

"माझ्या मुलीजवळ जाऊन बसा," तो म्हणाला. "मी आत्ता आत जायचं नाही."

काकूंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता आत गेल्या. बायको आल्यावर त्यानं तिला सगळं स्वतःच सांगितलं. ती आधी मुंगीला बघून आली. मग म्हणाली की जेव्हा जेव्हा असं होईल तेव्हा हेच करायचं, दर वेळी, आणि काकूंना तिनं घराची एक किल्ली देऊन ठेवली. त्यानंतरही दोनदा काकूंना यावं लागलं. मग लागलं नाही.

दुसऱ्यांदा मोडलेला हात वाकडा जुळला. मुठीत हातोडी राहीना. ठोकायचं काम दुसऱ्याकडे गेलं आणि ठोक्या डाव्या हातानं पुट्टी लावून, घासकागदानं पत्रे गुळगुळीत करायला लागला. नाव मात्र ठोक्याच राहिलं.

मुंगीनं खाल्लं ते असंच, कुणी बघतंय असं तिला वाटत नसताना. ठोक्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला जमिनीवर पालथा पडला होता. तिनं उकडलेल्या रताळ्याचा तुकडा मुठीत चिरडला आणि मूठच तोंडात घातली. तिला ओकारी आली. त्याचं अंग लाकूड झालं, पण तो हलला नाही. तिनं ते थुंकलं, निरखून पाहिलं, आणि तेच पुन्हा तोंडात घातलं. या वेळी गेलं. मग तिनं दुसरा तुकडा घेतला. ठोक्यानं तोंड बाहीत खुपसलं, कारण त्याच्या घशातून निघणारा आवाज तिला ऐकवायचा नव्हता.

म्हाताऱ्याचा जबडा तारेतून सुटला तो तिरका. त्याला पोरीला बघायचं आहे, असा आत्याचा फोन आला. ठोक्यानं फोन बायकोकडे दिला. "येऊ दे की," ती म्हणाली. "पण जेवायची वेळ सोडून."

तो बायकोच्या सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी आला. खुर्चीत बसला, तळहात मांडीखाली दाबून. मुंगी रांगत त्याच्या काठीपर्यंत गेली, काठी चाटून परत आली. ऊन उतरल्यावर बायकोनं फरशीवर कापड पसरलं, तसा म्हातारा उठला. ठोक्या त्याला बसथांब्यापर्यंत सोडायला गेला.

वाकड्या तोंडातून शब्द नीट येत नव्हते. "मारून टाकलं असतंस मला," म्हातारा म्हणाला.

"हो."

"सूनबाईचा हात तुझ्यापेक्षा भारी."

ठोक्यानं वाकडा हात खिशात घातला.

थोड्या वेळानं म्हातारा म्हणाला, "तू खात नव्हतास रे काही."

"तुम्ही मारायचात, बाबा."

बस आली. म्हातारा पायरीवर अडखळला, आणि ठोक्यानं त्याला हात दिला नाही. दांडीला धरून तो आपला आपण चढला.

पुढच्या महिन्यात तो पुन्हा आला, दुपारीच. तिसऱ्या वेळेला बायकोनं त्याच्यापुढे चहा ठेवला. चहा जेवणात धरायचा नाही, असं तिनंच ठरवलं.